अपरबरोबर लागणारे आणि डिपरबरोबर विझणारे जादा लाईट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पाटणहून चिपळूणला आठवड्यातून तीन रात्री बोलेरो पिकअपमधून भाजी नेतो. बंपरवर ५५ वॉटचे दोन हॅलोजन लाईट बसवून घेतले. मिस्त्रीने डॅशबोर्डवर वेगळा स्विच दिलाय. समोरून गाडी आली की मी डिपर देतो, पण ते दोन लाईट तसेच जळत राहतात, स्विच दाबायला हात पोचेपर्यंत गाडी अंगावर आलेली असते. ते अपरबरोबर लागावेत आणि डिपरबरोबर आपोआप विझावेत, असं करता येईल का? रिलेच्या चार पायांना कुठली वायर जोडायची आणि वायर किती जाडीची घ्यायची?"

करता येईल, आणि या लाईटची बरोबर जोडणी तीच आहे. मी कऱ्हाडला पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. तुमच्या मिस्त्रीने लाईट नीट बसवले असतील, पण ते लागण्या-विझण्याचा हुकूम चुकीच्या ठिकाणाहून दिला. हा हुकूम ड्रायव्हरच्या दुसऱ्या हाताकडून येता कामा नये, तो अपर (लांबचा झोत) आणि डिपर (खाली वळलेला झोत) बदलणाऱ्या दांडीकडूनच आला पाहिजे. कुंभार्ली घाटात वळण संपताना समोर गाडी दिसते तेव्हा एक हात स्टेअरिंगवर आणि दुसरा गिअरवर असतो. त्या क्षणी तिसरा स्विच शोधणं कुणालाच जमत नाही.

समोरच्याचं काय होतं हे मी स्वतः अनुभवलंय. चार-पाच वर्षांपूर्वी पोफळीकडून घाट चढत होतो. वरून एक पिकअप आली. त्याने माणुसकीने डिपर दिला, हेडलाईट खाली गेलेले मला दिसले, पण बंपरवरचे दोन गोळे तसेच पेटलेले. पुढचे काही सेकंद मला ना पांढरा पट्टा दिसला, ना कठडा. मी गाडी जागेवर उभी केली आणि ती जाईपर्यंत हँडब्रेक ओढून थांबलो. त्या ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, आपण डिपर दिलाय असंच त्याला वाटत होतं. दोष वायरिंगचा होता.

आता कामाकडे येऊ. या जोडणीत दोन वेगवेगळ्या वाटा असतात, आणि त्या डोक्यात वेगळ्या ठेवल्या की पुढचं सगळं सोपं होतं. एक वाट हुकमाची: हेडलाईटच्या अपरच्या वायरवरून "अपर लागलाय" एवढा निरोप घेऊन येणारी बारीक वायर. दुसरी वाट कामाची: बॅटरीवरून निघून फ्यूजमधून, रिलेमधून थेट लाईटपर्यंत करंट नेणारी जाड वायर. रिले हा या दोघांमधला माणूस. निरोप आला की तो जाड वायरचा दरवाजा उघडतो, निरोप थांबला की बंद करतो.

मग थेट अपरच्या वायरवरच लाईट का जोडू नयेत? बरेच जण तसंच करतात, आणि सहा महिन्यांनी दांडीजवळ जळल्याचा वास येतो म्हणून गाडी घेऊन येतात. हिशेब बघा. हेडलाईटच्या एच-फोर बल्बचा (एकाच बल्बमध्ये अपर आणि डिपरच्या दोन तारा असतात तो) अपर ६० वॉटचा. दोन बल्ब म्हणजे १२० वॉट, १२ व्होल्टला १० अँपिअर. तुमचे दोन हॅलोजन ११० वॉट, म्हणजे आणखी ९ अँपिअर. कंपनीने १० अँपिअरच्या हिशेबाने दिलेल्या वायरीतून आणि स्विचमधून तुम्ही १९ ओढणार. फ्यूज वेळीच उडाला तर नशीब, पण तेव्हाही घाटात हेडलाईटच जातील. असे स्विच मी उघडून पाहिलेत. आतला तांब्याचा पॉइंट काळा पडलेला असतो आणि भोवतीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं असतं. रिलेचा दरवाजा हलवणाऱ्या आतल्या कॉइलला मात्र साधारण ०.१५ अँपिअर पुरतो. एवढा निरोप अपरच्या वायरला जाणवतही नाही.

रिलेवर कोरलेले ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानकातले आहेत, ते आकडे असलेला कुठल्याही कंपनीचा रिले घ्या, पायांचं काम तेच. १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पायांचा साधा रिले घ्या. ३० नंबरच्या पायाला बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून निघालेली जाड वायर दोन्ही लाईटच्या प्लसला. ८६ आणि ८५ ही कॉइलची दोन टोकं: ८६ ला अपरचा निरोप, ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वाट. पाच पायांचा रिले हातात आला तर मधल्या ८७ए ला काहीही जोडू नका. तो पाय रिले बंद असताना चालू असतो. तिथे चुकून लाईट जोडले तर ते डिपरवर जळतील आणि अपरवर विझतील.

पण ही उलटी गंमत ८७ए न वापरताही घडते, आणि तिथेच चांगले चांगले मिस्त्री अडकतात. एच-फोर बल्बच्या मागे बसणाऱ्या वायरींच्या कपलरमध्ये तीन पिना असतात: अपर, डिपर आणि दोघांची सामाईक. बऱ्याच गाड्यांत सामाईक पिन अर्थला असते आणि स्विच प्लस पाठवतो. पण काही गाड्यांत, त्यात जपानी बनावटीच्या बऱ्याच, हे बरोबर उलटं असतं: सामाईक पिनेवर प्लस कायम हजर असतो आणि दांडी हलवली की स्विच अपर किंवा डिपरची वायर अर्थला टेकवतो.

अशी एक जुनी जपानी जीपगाडी माझ्याकडे आली होती. आधीच्या मिस्त्रीने ८६ ला अपरची वायर आणि ८५ ला अर्थ, अगदी पुस्तकात असतं तसं जोडलेलं. लाईट डिपरवर लागायचे आणि अपरवर विझायचे. रिले दोनदा बदलून झाला होता. कारण असं की डिपर चालू असताना अपरच्या वायरवर बल्बमधल्या अपरच्याच तारेतून फिरून प्लस येत होता. कॉइलला एवढासाच करंट लागतो, त्यामुळे अपरची तार उजळत नव्हती पण रिले मात्र ओढला जात होता. अपर लावला की स्विच ती वायर अर्थला टेकवायचा, मग कॉइलची दोन्ही टोकं अर्थला आणि रिले सुटायचा. रिलेचा काही दोष नव्हता. ८५ चा अर्थ काढला, सामाईक पिनेवरचा प्लस ८६ ला दिला, अपरची वायर ८५ ला दिली, आणि दहा मिनिटांत गाडी बाहेर.

म्हणून आधी तपासा. बल्बचा कपलर काढा, हेडलाईट लावा, अपरवर ठेवा. मल्टिमीटरचं काळं टोक चकचकीत बॉडी अर्थला आणि लाल टोक कपलरच्या तिन्ही खाचांत एकेक करून टेकवा. फक्त अपरच्या खाचेत १२ व्होल्ट आले आणि डिपरला गेल्यावर ते डिपरच्या खाचेत सरकले, तर गाडी प्लस-स्विचची. दांडी कशीही हलवली तरी एकाच खाचेत १२ व्होल्ट बसून राहिले, तर ती सामाईक प्लस आणि गाडी अर्थ-स्विचची. मॉडेल कुठलं, साल कुठलं यावर अंदाज बांधू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक वायरिंग बदललेलं असतं, आणि तुमच्याआधी तिथे कुणी हात घातलाय का तेही माहीत नसतं.

एक युक्ती सांगतो, मी हल्ली सर्रास तीच वापरतो. कॉइलची दोन टोकं अपरच्या पिनेला आणि सामाईक पिनेला, म्हणजे थेट अपरच्या तारेच्या दोन टोकांनाच जोडायची. मग गाडी प्लस-स्विचची असो की अर्थ-स्विचची, अपरची तार पेटली की रिले ओढला जाणार, विझली की सुटणार. अट एकच: रिलेच्या पोटात डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसावा. डायोडवाला रिले उलटा लागला तर कॉइलऐवजी डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. रिलेच्या अंगावर छापलेली आकृती बघा. कॉइलशेजारी फक्त चौकोनी रेझिस्टर दाखवला असेल तर चालेल, बाणाचं चिन्ह असेल तर नको.

ही वायर काढायला कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा मूळ जुडगा, कापू नका. एच-फोरचा मेल-फिमेल कपलर बाजारात मिळतो. तो बल्ब आणि मूळ कपलरच्या मध्ये अडकवायचा आणि निरोपाच्या वायरी त्यातून काढायच्या. उद्या लाईट काढले तर गाडी होती तशी. वायर टोचून जोडणाऱ्या प्लास्टिकच्या निळ्या-लाल क्लिपा आपल्या पावसात टिकत नाहीत. कोयनानगरच्या एका पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं होतं.

निरोपाच्या वायरला अर्धा किंवा पाऊण स्क्वेअर एमएम जाडी पुरे. पण तिच्या अगदी सुरुवातीला, जिथून ती अपरला (अर्थ-स्विचच्या गाडीत सामाईक प्लसला) जोडली तिथेच, ३ अँपिअरचा छोटा फ्यूज टाका. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत. ही बारीक वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो तो हेडलाईटचा, आणि जादा लाईटच्या नादात मूळ लाईट जातो. तीन अँपिअरचा फ्यूज असला तर फक्त जादा लाईट बंद पडतील, घर गाठता येईल.

डॅशबोर्डवरचा तुमचा स्विच काढू नका. तो याच निरोपाच्या वायरमध्ये, अपर आणि रिलेच्या मध्ये, ओळीने टाका. म्हणजे स्विच चालू ठेवला की लाईट अपरच्या मागे चालतील, स्विच बंद केला की अपर लावूनही लागणार नाहीत. गावातून जाताना, धुक्यात, पोलीस नाक्यावर हे हवंच. आत्ता तो स्विच बॅटरीच्या प्लसवर असणार, त्यामुळे चावी काढूनही लाईट जळू शकतात आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. तो त्रासही यातच संपेल. ओव्हरटेकला दांडी ओढून अपरची उघडझाप केलीत की हे लाईटही सोबत उघडझाप करतील.

आता कामाची वायर. दोन ५५ वॉटसाठी बॅटरी ते रिले आणि रिले ते लाईट अडीच स्क्वेअर एमएमची ऑटो वायर घ्या. बारीक वायर गरम होते एवढाच प्रश्न नाही, तिच्यात उजेड मरतो. तीन मीटर लांब पाऊण एमएमच्या वायरीत ९ अँपिअरला साधारण ०.६ व्होल्ट पडतात, अडीच एमएममध्ये ०.२ च्या आत. ०.६ म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज ५ टक्के पडलं की उजेड सुमारे १५ टक्के उतरतो, १० टक्के पडलं की जवळजवळ ३० टक्के. आणि जेवढं प्लसच्या वायरीत पडतं तेवढंच अर्थच्या वायरीतही पडतं, म्हणून अर्थलाही तीच जाडी. घरगुती वायरिंगची उरलेली वायर वापरू नका. बोनेटखालच्या उष्णतेने तिचं कव्हर कडक होऊन तडकतं, आणि एकतारी वायर असेल तर गाडीच्या हादऱ्यांनी आतल्या आत तुटते.

फ्यूज १५ अँपिअरचा, निळा. तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज लाईटसाठी नसतो, तो वायर वाचवण्यासाठी असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कुणीच राखणदार नसतो, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. रिलेजवळ फ्यूज लावून मोकळे होणारे बरेच आहेत. मग मधली मीटरभर वायर बॅटरीच्या पत्र्यावर घासली की आग लागायला काही अडवत नाही. फ्यूज उडाला तर कारण शोधा, ३० चा हिरवा फ्यूज टाकून पुढे जाऊ नका.

१०० वॉटचे बल्ब टाकू का, असं पुढे वाटेलच. करंट १७ अँपिअरच्या आसपास जाईल, वायर चार एमएम आणि फ्यूज २५ अँपिअरचा लागेल, लाईटचा होल्डर आणि रिफ्लेक्टर तापतील. मी ते सुचवत नाही. एलईडी घेतले तर करंट बराच कमी, वायरीवर ताण नाही. पण पाकिटावरच्या वॉटवर विसंबू नका, मल्टिमीटरने अँपिअर मोजून त्याप्रमाणे फ्यूज ठरवा. रिले तिथेही हवाच.

अर्थबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण "लाईट मंद लागतात" म्हणून येणाऱ्या दहा गाड्यांत सात वेळा अर्थच निघतो. लाईटचा अर्थ बंपरच्या बोल्टला देऊन काम संपवलेलं असतं. बंपर रंगवलेला, मध्ये रबर, बोल्टला गंज. चासीवर एक जागा निवडा, रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा, दाबून बसवलेलं थिंबल आणि दातेरी वॉशर लावून बोल्ट आवळा, वरून ग्रीसचा हात फिरवा. नाहीतर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत वायर न्या. तपासायला सोपं: लाईट चालू असताना मीटरचं एक टोक लाईटच्या अर्थवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पुन्हा खरवडा.

रिले बसवताना पाय खाली आणि डोकं वर. पाय वर राहिले तर धुताना पाणी थेट आत जातं. वायरी रिलेकडे खालून, थोडा झोल देऊन आणा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून जाईल. बॅटरीच्या अगदी शेजारी रिले नको, ॲसिडच्या वाफेने पाय खातात. वायरी नालीदार पाइपातून न्या, पत्र्याच्या भोकातून जातील तिथे रबरी ग्रोमेट, आणि सायलेन्सर व रेडिएटरच्या पंख्यापासून लांब.

नवीन गाड्यांबद्दल सांगायला हवं, कारण तुमची ही पिकअप उद्या बदलेल. ज्यात हेडलाईट एलईडी आहेत किंवा कंट्रोल युनिटमधून चालतात, तिथे अपरची वायर मी सांगितली तशी वागेलच असं नाही. काही युनिट सरळ १२ व्होल्ट न देता फार वेगाने चालू-बंद करत देतात. त्यावर साधा रिले टरटर वाजत राहतो आणि त्याचे पॉइंट जळतात. तिथे निरोपासाठी खास मॉड्यूल लागतं, आणि वॉरंटीतल्या गाडीला मी तरी कंपनीच्या वर्कशॉपशी बोलल्याशिवाय हात लावत नाही.

फोकस सपाट जागेवर, संध्याकाळी, आणि नेहमीचा माल भरून लावा. रिकाम्या पिकअपवर लावलेला फोकस माल भरल्यावर मागचे पाटे बसून आभाळाकडे जातो. भिंतीपासून आठ मीटरवर गाडी उभी करा, लाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. उजेडाचा सर्वांत तेज ठिपका त्या रेघेवर किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली यायला हवा. दोन्ही लाईट सरळ ठेवा. घाटासाठी म्हणून एक लाईट डावीकडे वळवणारे आहेत, पण मग तो साईडपट्टीवरच्या माणसांच्या डोळ्यांत जातो. लाईट घेताना लांब पल्ल्याचा बारीक झोत देणारा न घेता पसरट झोताचा घ्या. कुंभार्लीच्या वळणांवर बारीक झोत दरीत जातो, तुमचा रस्ता अंधारातच राहतो.

धुक्यासाठी हे लाईट नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. धुक्यात अपरचा उजेड पाण्याच्या बारीक थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. तिथे डिपर, सावकाश वेग, आणि असतील तर बंपरच्या तळाशी बसवलेले, झोत खाली आणि पसरट असणारे फॉग लॅम्प. फॉग लॅम्पची जोडणी डिपरबरोबर असते, अपरबरोबर नाही. दोन्ही एकाच रिलेवर टाकू नका.

कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम पुढचा दिवा समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा खाली वळलेला असावा, किंवा ड्रायव्हरला तो खाली करता किंवा विझवता यावा, असं सांगतो. हिशेब धरलाय तो ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचा. पुढच्या बाजूला स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायला १११ व्या नियमाने आरटीओची आधी परवानगी लागते. टपावरची लाईटची पट्टी म्हणूनच मी रस्त्यावरच्या गाडीला लावून देत नाही, आणि बंपरवरच्या लाईटसाठीही आरटीओत एकदा विचारून घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी एक मोजमाप घ्या, कदाचित निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. इंजिन चालू, अपर लावलेला: बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या कपलरला मागच्या बाजूने टोक घालून तिथे मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.५ दिसले तर तुमचे मूळ हेडलाईटच तिसऱ्या हिश्श्याने मंद जळताहेत. मग पहिला खर्च हेडलाईटलाच रिले आणि जाड वायर देण्याचा करा, आणि रिफ्लेक्टर पिवळा पडला असेल तर तो बदला. अपर आणि डिपर दोन्ही उजळतील, आणि घाटात तुमचा बहुतेक वेळ डिपरवरच जातो.

काम झालं की रस्त्यावर जाण्याआधी एवढं करा. इंजिन चालू ठेवून दांडी दहा वेळा वर-खाली करा. प्रत्येक वेळी रिलेचा एक स्पष्ट टक आवाज आला पाहिजे. आवाज येतो पण लाईट लागत नाहीत, तर फ्यूज, ३० आणि ८७ बघा. आवाजच येत नाही, तर डॅशबोर्डचा स्विच, तीनचा फ्यूज आणि कॉइलचा अर्थ. पाच मिनिटं लाईट चालू ठेवून फ्यूजच्या होल्डरला आणि रिलेच्या पायांना बोट लावा. कोमट चालेल, चटका बसला तर ते थिंबल सैल दाबलं गेलंय. मग अंधार पडल्यावर मुलाला किंवा किन्नरला गाडीत बसवा आणि तुम्ही पन्नास पावलं पुढे जाऊन गाडीकडे तोंड करून उभे राहा. अपर लावायला सांगा, मग डिपर. डिपर दिल्याबरोबर गाडीची नंबरप्लेट तुम्हाला वाचता यायला लागली, तर जोडणी आणि फोकस दोन्ही बरोबर आहेत.